बिशपच्या परवानगीचं पान

पेद्रूभाऊ कुठलंही पुस्तक उघडायचे ते पहिल्या पानाच्या मागच्या बाजूला. कोणी पुस्तकाचं नाव बघतो, कोणी चित्रं बघतो, कोणी शेवट चाळून ठेवून देतो. हे पहिलं पान उलटायचे, कपाळावरचा चष्मा खाली ओढायचे आणि त्या मागच्या बाजूला अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत काही छापलंय का ते शोधायचे. सापडलं तर "हं" म्हणायचे. नाही सापडलं तर पुस्तक मिटून ज्याचं त्याला परत. देताना दोन्ही हातांनी द्यायचे. पुस्तकाचा अपमान करायचा नाही, पण वाचायचंही नाही.

त्या बारीक अक्षरांत बिशपची परवानगी असते. कॅथलिक लोकांचं धर्माचं पुस्तक छापायचं तर आधी त्यांच्यातला एक जाणता पाद्री ते वाचून काढतो. मग बिशप लिहून देतो की यात वावगं काही नाही, खुशाल छापा. हे मला पेद्रूभाऊंनीच सांगितलं. मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. पास कितवी झालो ते विचारू नये. पण जळगावात चाळीस वर्षं पुस्तकं बांधण्याचं काम केलं, आणि पुस्तकातलं मला जे कळतं ते वाचणाऱ्यांना कळत नाही. ते समोरून बघतात. मी पाठीतून बघितलेलं आहे.

पेद्रूभाऊ मूळचे वसईकडचे. जळगाव स्टेशनात सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची त्याप्रमाणे सांधे फिरवायचे, हे त्यांचं काम. उंच, काळे, खांदे पुढे आलेले. चालताना खाली बघत चालायचे, रुळांची सवय. पिंप्राळ्याकडच्या फाटकाजवळ रेल्वेची खोली होती, तिथं ते आणि फिलूबाई, त्यांची बायको, दोघंच राहत. मूलबाळ नव्हतं. भिंतीला एक लाकडी फळी ठोकलेली, वर मेरीमातेचं चित्र, खाली अकरा पुस्तकं. जळगावातल्या कॅथलिक लोकांची मराठी पुस्तकं म्हणजे ही अकराच. बाकी दोन-चार घरं होती ती गोव्याकडची, त्यांची पुस्तकं कोकणी भाषेत आणि इंग्रजी लिपीत. ती फिलूबाईंना कळत नसत आणि पेद्रूभाऊंना वाचता येत नसत.

फादर भुसावळहून महिन्यातून एक रविवार यायचे. उरलेल्या तीन रविवारी पेद्रूभाऊंच्या खोलीत लोक जमायचे आणि पेद्रूभाऊ त्या अकरांतल्या सगळ्यांत जाड पुस्तकातून प्रार्थना वाचायचे. सकाळच्या, संध्याकाळच्या, पापनिवेदनाच्या आधीच्या, नंतरच्या, पाऊस पडावा म्हणून, पडलेला थांबावा म्हणून, आजाऱ्यासाठी आणि मरणाऱ्यासाठी. सगळं त्या एका पुस्तकात होतं. त्यातलं एक अक्षर ते पाठ म्हणत नसत. मी एकदा विचारलं, "पेद्रूभाऊ, तीस वर्षं तेच वाचताय. पाठ नाही झालं?"

"झालं."

"मग बघता कशाला?"

"पाठ म्हणणारा माणूस मधेच आपलं घालतो. त्याला कळतही नाही."

एवढंच. पेद्रूभाऊ एका प्रश्नाला एकच उत्तर द्यायचे आणि ते संपलं की संपलं.

हे पुस्तक घेऊन ते पहिल्यांदा माझ्या दुकानी आले तेव्हाची गोष्ट. पाठ सुटली होती, शिवण उसवली होती. मी म्हटलं, ठेवून जा, परवा या. ते म्हणाले, "बसतो."

"अहो, परवा."

"परवापर्यंत बसतो."

मला राग आला. माझ्या हातातून काही चोरीला जाईल असं वाटतं का या माणसाला? मी म्हटलं, "बसा." आणि मुद्दाम दुसरीच कामं काढली. ते बसले. दुपारी डबा सोडून जेवले, पुन्हा बसले. संध्याकाळी ड्यूटीवर गेले, सकाळी पुन्हा हजर. दुसऱ्या दिवशी दुपारी मी हार मानली असं नाही, पण माझी बाकीची कामं संपली होती. त्यांचं पुस्तक घेतलं. शिवलेल्या पानांचं एकेक जुडगं सोडवलं, नव्या दोऱ्यानं शिवलं, पाठीला कापड लावलं. ते सगळं बघत होते. काम झाल्यावर पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान उलटलं, खाली बघितलं.

"हं," म्हणाले.

चाळीस वर्षांत पुष्कळांनी माझ्या बांधणीचं कौतुक केलं. असं कोणी केलं नाही.

शनिवारी संध्याकाळी ते खोलीच्या ओट्यावर आधी संतांची नावं आणि मग त्यांची चरित्रं वाचायचे. ती वाचायची फिलूबाईंसाठी. त्या आत चुलीपाशी बसून लसूण सोलत ऐकायच्या, त्यांना वाचता येत नव्हतं. पण पेद्रूभाऊंचा आवाज सांध्यावरून ओरडून कमावलेला, तो रस्त्यापलीकडे जायचा. मग स्टेशनातले हमाल यायला लागले. एक मुसलमान फायरमन यायचा. मीही जायचो, कारण तिथं वारा चांगला लागायचा.

एका शनिवारी एका संत बाईंचं चरित्र निघालं. राजानं सांगितलं, धर्म सोड. ती नाही म्हणाली. राजानं तिला सिंहापुढे टाकायचा हुकूम दिला. पिंजऱ्याचं दार वर जायला लागलं. इतक्यात सुरतेकडच्या पॅसेंजरची घंटा झाली. पेद्रूभाऊंनी खुणेला दोरा घातला, पुस्तक मिटलं आणि सांध्याकडे चालायला लागले.

हमालांत सुकदेव नावाचा एक होता, आमच्या दोंडाईच्याकडचा. तो मागे पळाला. "ओ पेद्रूभाऊ! त्या बाईले सिंहनी खादं का नही?"

"शनिवारी."

"आठ दिन? अहो, पिंजरा उघडी राहिना!"

"पुढचं पुढच्या पानावर आहे."

तो आठवडा फार वाईट गेला. हमाल सामान उचलताना त्याच गोष्टीवर बोलायचे. फायरमन म्हणाला, सिंह खात नाही, अशा बायांना सिंह ओळखतो. सुकदेव म्हणाला, सिंह उपाशी शे, तो काय ओळखी? सुकदेव मधेच फिलूबाईंकडे गेला, त्यांना पुढचं माहीत असणार म्हणून. फिलूबाई म्हणाल्या, "माहीत आहे. पण त्यांनी वाचल्याशिवाय मी सांगितलं तर आमच्या घरात सिंह सुटेल." पुढच्या शनिवारी ओट्यावर जागा नव्हती. सिंहानं खाल्लं नाही. तो पायाशी बसला. सुकदेवाला ते पटलं नाही, पण तो नंतर एकही शनिवार चुकला नाही.

आता हे परवानगीचं पान त्यांच्या डोक्यात एवढं का बसलं, ते सांगतो. ते आधी असे नव्हते. हे मला फिलूबाईंनी सांगितलं, ते समोर बसलेले असताना, आणि त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत ते दोंडाईच्याला होते. तिथं कॅथलिक घरं सात. फादर वर्षातून दोनदा यायचे. इस्टरच्या आधीचे चाळीस दिवस त्यांच्यात उपासाचे असतात, तेव्हा रोज संध्याकाळी प्रार्थना लागते. पेद्रूभाऊंकडे पुस्तक नव्हतं. बाजाराच्या दिवशी कोणी दुसऱ्या पंथाचे मिशनवाले पुस्तकं वाटत होते, त्यांतलं एक त्यांना मिळालं. निळी पाठ, सोनेरी अक्षरं, मराठी एकदम सोपं. देवाचं नाव होतं, येशूचं नाव होतं. पेद्रूभाऊंनी चाळीस दिवस सात घरांना त्यातून वाचून दाखवलं. लोक रडले. उपास इतके चांगले कधी झाले नव्हते. मग फादर आले, पुस्तक हातात घेऊन चाळलं आणि म्हणाले, "पेद्रू, हे आपलं नाही."

फादर रागावले नाहीत. उलट हसले. म्हणाले, देवाला पोचलं असेल, पुढच्या वेळी आपलं घे. पण पेद्रूभाऊंना ते हसणं लागलं. सात घरं माझ्या मागे आली, मी डोळे मिटून पुढे चाललो, असं त्यांना झालं. ते सातही घरी गेले आणि प्रत्येक घरी दारात उभं राहून सांगितलं, मी तुम्हाला चुकीच्या रुळावर नेलं. एका म्हातारीनं म्हटलं, "अरे भाऊ, पण बरं वाटलं होतं!" त्यावर ते म्हणाले, "गाडी चुकीच्या रुळावर असते तेव्हाही आत बसणाऱ्याला बरंच वाटतं."

मला त्यांनी नंतर एकदा विचारलं होतं, "दगडूभाऊ, सुरतेच्या लाइनीवर ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, माहीत आहे?"

"आहे. एकेरी लाइन. गोळा म्हणजे पुढं वाट मोकळी."

"गोळा नसताना सोडली तर?"

"धडक होईल."

"तर," म्हणाले, आणि पुस्तकाचं पहिलं पान उलटून ती बारीक अक्षरं माझ्यापुढे धरली.

हे सगळं मला माहीत होतं. तरी पुढचं झालं. म्हणून आधी सांगितलं.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी गाड्या सुरू झाल्या. पेद्रूभाऊंना ड्यूटीवरून सुटी मिळेना. त्यातच श्रावणाच्या तोंडावर त्या जाड पुस्तकाला झुरळं लागली आणि ते पुन्हा माझ्याकडे आणावं लागलं. या वेळी त्यांना बसायला वेळ नव्हता. दारात दोन-तीनदा थांबले, जाऊन परत आले. मी म्हटलं, "जा हो. पुस्तक आहे, म्हैस नाही, पळून जायला."

ते गेले.

पहिलं पान झुरळांनी कडेनं खाल्लं होतं. एका बाजूला पुस्तकाचं नाव, मागे ती बारीक अक्षरं, मजकूर काही नाही. मी ते काढलं. त्या जागी चांगला निळा कागद घातला, जाड, झुरळ शिवणार नाही असा. पुस्तक नवं दिसायला लागलं. पान मी काढलं ते पान खराब होतं म्हणून. खराब पान ठेवून बांधणी करणारे जळगावात दुसरे होते, त्यांच्याकडे कोणी गेलं तर मी अडवलं नाही.

पेद्रूभाऊ आले, पुस्तक घेतलं, पहिलं पान उलटलं. निळं. पुन्हा उलटलं. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा बघितलं.

"दगडूभाऊ, पान?"

"खराब झालं होतं."

"कुठं आहे?"

"गेलं."

मला वाटलं बोलतील. बोलले असते तर मीही बोललो असतो आणि प्रकरण तिथंच संपलं असतं. पण त्यांनी पुस्तक धुतलेल्या फडक्यात गुंडाळलं आणि ते निघून गेले.

नंतर कळलं, ते पुस्तक त्यांनी फळीवर ठेवलं ते उघडलंच नाही. रविवारी लोक जमले तेव्हा सांगितलं, आज नुसती जपमाळ करायची. लोक म्हणाले, पुस्तक तर समोर आहे. हे म्हणाले, "याला आता परवानगी नाही." कोणी म्हणालं, "अहो, होती ना! तुम्ही बघितलीय ना!" हे म्हणाले, "काल वाट मोकळी होती म्हणून आज गाडी सोडत नाहीत. फादर आले की विचारू." फादर नुकतेच येऊन गेले होते. म्हणजे महिना.

त्या महिन्यात फिलूबाईंना मुदतीचा ताप आला.

मला सुकदेवानं दुकानात येऊन सांगितलं. "दगडूभाऊ, बाईनं काही खरं नही. डाक्टर कालदी येई गया, त्यानी हात झटका. फादरले तार करी, पण तो सातपुड्याकडे गयेल शे, कव्हय येई काय माहीत. अन् बाई म्हनस, मरताना वाचतस ते माले वाची दाखाडा. अन् यो बाबा पुस्तक उघाडतच नही!"

मी दुकान बंद केलं.

खोलीत फिलूबाई खाटेवर होत्या. अंगात काही उरलं नव्हतं, डोळे तेवढे होते. पेद्रूभाऊ खाली जमिनीवर बसलेले, पाठ भिंतीला, हात गुडघ्यांवर. पुस्तक फळीवर फडक्यात. दोघांत काहीतरी होऊन गेलेलं दिसत होतं.

फिलूबाई म्हणाल्या, "दगडूभाऊ, आमच्या ह्यांचं पान तुम्ही कुठं घातलं?"

त्यांनी असं विचारलं, जसं काही आमटीचा डाव कुठं ठेवला.

पेद्रूभाऊ म्हणाले, "फिलू, त्यांना त्रास देऊ नको."

"त्यांना नको तर मग कोणाला देऊ? तुम्हाला देऊन झाला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ते शेवटचं वाचायचं असतं ना, ते ह्यांनी वाचावं असं मला वाटतं. दुसऱ्या कोणी नको. हे म्हणतात, आयुष्यात एकदा लोकांना चुकीचं वाचून नेलं, त्यांना परत आणता आलं. तुला नेलं तर तू परत येऊन सांगणार आहेस का?"

पेद्रूभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "दुसरं सगळं चुकलेलं चालेल. हे नाही."

मी उठलो. बाहेर आलो. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. 'गेलं' म्हटलं होतं खरं, पण माझ्या दुकानातून कागद जात नसतो. लढाईमुळे पुठ्ठा मिळत नव्हता, म्हणून मी रद्दी पानं खळीनं एकावर एक चिकटवून, दाबून, घरीच पुठ्ठा करायचो. त्या आठवड्यात पुठ्ठे दोनच केले होते. ते जामनेरच्या आबांच्या पोथीला वर-खाली लावायला दिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटरीनं जामनेरला गेलो. मोटर दोनदा थांबली. दोनदा उतरून ढकलली. हे मी उपकार म्हणून सांगत नाही, मोटर तशीच होती.

आबा मारुतीच्या देवळात पोथी वाचायला बसले होते. श्रावणाचा सप्ताह, तिसरा दिवस, समोर पन्नास माणसं. सुट्या लांब पानांची पोथी, खाली एक पुठ्ठा, वर एक पुठ्ठा. मी अध्याय संपेपर्यंत खांबाला टेकून बसलो. मग पुढे जाऊन सांगितलं. हळू सांगणार होतो, पण आबांना ऐकू कमी येतं.

"काय म्हनतो?" आबा म्हणाले. "पोथीचा पुठ्ठा पाह्यजे?"

"हो."

"सप्ताह चालू हाये ना रे! पोथी हलवता येत नाही."

"पोथी नको. पुठ्ठा." आणि मग मी सांगितलं ते सगळं. सांधेवाला, पान, बाई. माझं काम चांगलं होतं हेही सांगितलं.

आबांनी पोथीची पानं दोन्ही हातांनी उचलली आणि मांडीवर धरली. "घेऊन जाय. पानं माझ्यापाशी हाये. पुठ्ठ्यात काय देव बसला?"

मागून एक जण म्हणाला, "आबा, विटाळ नाही का व्हनार?"

"विटाळ व्हायचा तर तीन दिवसांपासून झालेलाच हाये. तुले आता कळला."

देवळामागच्या विहिरीवर परातीत कोमट पाणी घालून मी दोन्ही पुठ्ठे भिजत टाकले. अर्धा गाव भोवती उभा. घाई केली तर कागद फाटतो, म्हणून एकेक थर सुटेल तसा सोडवत होतो. पहिल्या पुठ्ठ्यातून नाटकाची जाहिरात निघाली, खोकल्याच्या औषधाची निघाली, कोणाच्या लग्नाची पत्रिका निघाली. एक जण म्हणाला, "हे तर माझ्या मावसभावाचं लग्न!" दुसऱ्या पुठ्ठ्यात तिसऱ्या थराला ते पान निघालं. कडा नव्हत्या, एक कोपरा नव्हता. पण खालची बारीक अक्षरं होती.

आबांनी चष्मा लावून ती वाचली. पुन्हा वाचली. मग लोकांकडे बघून म्हणाले, "म्हंजे तीन दिवस आपली पोथी बिशपच्या परवानगीनं चालली तर!"

देऊळ हसलं. आबा हसले नाहीत. पोथीची पानं मांडीवर धरूनच म्हणाले, "जाय तू. पुठ्ठे मग आन. आनि त्या बाईले सांग, जामनेरचा आबा इचारत व्हता."

पान दोन टीपकागदांत घालून, सदऱ्याच्या आत छातीशी धरून मी परत निघालो. येताना मोटर एकदाच थांबली.

आता फिलूबाईंचं सांगून टाकतो, कारण मला शेवट त्यावर करायचा नाही. त्या त्यानंतर दोन दिवस होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. फादर संध्याकाळी पोचले. पुढे पंधरा दिवसांनी पेद्रूभाऊ पुस्तक आणि ते पान घेऊन माझ्या दुकानी आले आणि बसले. मी निळा कागद काढला, पानाला मागून पातळ कागद लावून ते होतं तिथं शिवलं. दिवसभर लागला. त्यांनी पान उलटून बघितलं. चूक माझी होती असं मी म्हटलं नाही, आणि त्यांनी म्हणवून घेतलं नाही. पुढच्या वर्षी ते वसईकडे निघून गेले. पत्र वगैरे लिहिणारा माणूस तो नव्हता. मीही नाही.

तर त्या दिवशी जामनेरहून मी पिंप्राळ्याच्या फाटकाशी आलो तेव्हा चार वाजले असतील. खोलीतून पेद्रूभाऊंचा आवाज येत होता. मला वाटलं फादर आले. ओट्यावर सुकदेव बसला होता. मी विचारलं, "फादर?"

"नही," तो म्हणाला. "दुपारले बाई त्याले म्हननी, मी वर जाई ना, तव्हय पहिले तुमना बिशपले भेटसू. त्याले सांगसू, यास्नी चूक नही, मीच वाचाले लावं. बठ्ठं पाप मना अंगवर. मंग तो उठना, हात धुयात अन् पुस्तक काढं."

मी दाराशी गेलो. आत जावं असं वाटेना.

पेद्रूभाऊ स्टुलावर बसले होते, खाटेला गुडघे टेकतील एवढे जवळ. पुस्तक उघडं, तो निळा कागद पुस्तकाच्या मागे दुमडलेला. ते संतांची नावं वाचत होते. त्यांच्यात अशी रीत आहे की मरणाऱ्याच्या उशाशी एकेका संताचं नाव घ्यायचं आणि दर नावाला बाकीच्यांनी म्हणायचं, "आमच्यासाठी विनंती कर." बाकीचं तिथं कोणी नव्हतं. ते नाव वाचायचे आणि फिलूबाई ओठांनी उत्तर द्यायच्या.

नावं बरीच असतात. अर्ध्यावर कुठंतरी त्यांचा आवाज अडकला. त्यांनी घसा साफ केला, पुन्हा प्रयत्न केला. निघेना. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा पानावर वाकले. तो सांध्यावरून ओरडणारा आवाज, त्यातून एक अक्षर बाहेर येईना.

फिलूबाईंनी डोळे मिटलेले होते. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पुढचं नाव त्या स्वतःच म्हणाल्या.

पेद्रूभाऊंनी वर बघितलं.

फिलूबाईंनी त्याच्या पुढचं म्हटलं. मग त्याच्याही पुढचं. सावकाश, एकेक, चुलीपाशी बसून लसूण सोलताना तीस वर्षं ऐकलेलं. पेद्रूभाऊंनी बोट ओळीवर ठेवलं आणि ते त्यांच्यामागून सरकवत चालले. आणि आता उत्तर ते द्यायला लागले. "आमच्यासाठी विनंती कर." हा आवाज निघाला.

असं बरंच चाललं. मग एका ठिकाणी फिलूबाई म्हणाल्या ते नाव आणि बोट जिथं होतं ते नाव जुळलं नाही. मला दारातून दिसलं. बोट थांबलं. त्यांनी पुस्तकात बघितलं, बायकोच्या तोंडाकडे बघितलं. त्या पुढचं नाव घेऊन थांबल्या होत्या, उत्तराची वाट बघत.

पेद्रूभाऊंनी बोट तीन ओळी खाली नेलं आणि म्हणाले, "आमच्यासाठी विनंती कर."